रुंद टायर

पावसाळ्यात सायकलला रुंद, खोल नक्षीचे टायर घ्या म्हणतात. सोनईच्या काळ्या मातीत एकदा चालवून बघा मग. माझा मित्र दत्ता हट्टानं तसलेच घेऊन आला. दर शंभर पावलांवर चिखल भरून चाक जाम. मग आम्ही दोघं बांधावर बसून बाभळीच्या काडीनं चिखल कोरायचो, गप्पा हाणायचो. दोन मैलांना अख्खा दिवस जायचा.

"माझ्यासारखे बारके टायर घे की," मी म्हणायचो.

"बघू की."

आता तो कॅनडात असतो. परवा फोनवर म्हणाला, "बर्फासाठी खिळ्यांचे टायर घेतलेत."

"कसे हायेत?"

"लई भारी. चाक कुठंच अडत न्हाई." मग म्हणाला, "म्हनून कुठं बसनंच होत न्हाई बघ."