एकिरूकाकांच्या कागदावरची एक ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक माननीय वान्यामासाहेब, व्यासपीठावरचे चालक संघटनेचे चिटणीस श्री. ओडुओर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती एकिरूकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या नाकिरूकाकू, आणि एल्डोरेट डेपोतल्या माझ्या सर्व चालक, मेकॅनिक बंधुभगिनींनो,

बाहेर बोकड शिजतोय, त्याचा वास इथवर येतोय, आणि अशा वेळी लांबण लावणाऱ्या वक्त्याला लोक मनातल्या मनात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तरीही दहा मिनिटं द्या. मी जेपकोरिर. कंट्रोल रूममधली. तुमच्या भाषेत ‘वरून बघणारी बया’.

बासष्ट ट्रकांना नकाशावर कुंपण घालायचं काम माझं. जिओफेन्सिंग म्हणतात त्याला. ट्रकनं रेघ ओलांडली की माझ्या पडद्यावर लाल दिवा, आणि माझ्या हाताशी एक बटण. ते दाबलं की दोनशे मैलांवरचं इंजिन बंद. केवढी ही सत्ता! आणि ती कुणाच्या हातात? जिनं लोडवारचा रस्ता कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तिच्या.

त्या रस्त्यावर लग्गे आहेत, कोरड्या नद्या. चालकांची तिथली रीत तुम्हाला सांगायला नकोच. काठावर ट्रक थांबवायचा, खाली उतरायचं, अनवाणी वाळूत चालून बघायचं, लांबच्या डोंगरांवर ढग आहे का ते न्याहाळायचं. घाई करील त्याला लग्गा गिळतो. माझ्या नकाशात ही रीत नव्हती. माझ्या नकाशात काठावर थांबणं म्हणजे माल चोरून उतरवून विकणं.

सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी, मका भरलेला काकांचा ट्रक रेघेबाहेर गेला. आदल्या पावसानं नेहमीचा उतार खचला होता, म्हणून सगळेच अर्धा मैल खालून जात होते. सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही. नियम होता, आधी फोन करा. मी एकदाच केला. तिथे रेंज कुठली? मी बटण दाबलं. ट्रक जागीच थांबला. शेजारच्या मुलीला मी म्हणाले, “सापडला बघ म्हातारा!” आणि डब्यातली चपाती संपवली.

ट्रक लग्ग्याच्या मधोमध होता.

चाळीस मिनिटं काका किल्ली फिरवत राहिले. मग डोंगरातून पाणी आलं. काका पोहून निघाले. ट्रक गेला, मका गेला. आणि मी अहवालात काय लिहिलं? ‘वाळूत इंजिन बंद पडले.’ बटणाचा उल्लेख नाही. समितीनं निकाल दिला, विनापरवाना मार्ग सोडला, चालकाचा हलगर्जीपणा. एकतीस वर्षांत एक आरसा न फोडलेला माणूस फाटकावर बसला, पावत्या तपासायला.

वर्षभरानं मी फाटकावर गेले. म्हटलं, “काका, बटण मी दाबलं होतं.”

ते म्हणाले, “माहितेय गं. वाळूत इंजिन कण्हत मरतं, हे टपकन मेलं. यायला वर्ष लावलंस?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की! समितीला सांगितलं, कुणीतरी बंद केलं. हसले. पडदा खोटं बोलत नाही म्हणाले. आता रडू नकोस, कागद आण. तुझं ते कुंपण मला दाखव.”

फाटकावर बसून त्यांनी मला तेवीस लग्गे दाखवले. प्रत्येकाचे दोन्ही काठ आणि मधली वाळू धरून आम्ही वर्तुळं काढली. तिथे चालकानं हवा तितका वेळ थांबावं, आणि तिथे कुणाचंही बटण चालणार नाही. तेव्हापासून लग्ग्यात आपला एकही ट्रक वाहून गेला नाही. शाबासकी मला मिळाली. मी घेतली. लाज वाटते सांगायला, पण घेतली.

आणि परवा काकांचा सेवेचा दाखला टाइप होऊन माझ्या टेबलावर आला. शेवटची ओळ: ‘हलगर्जीपणामुळे वाहनावरून कमी केले.’ हा कागद घेऊन ते उद्या गावी जाणार. त्यांच्या गावात तीन पोरं ट्रक चालवतात, यांच्याकडे बघून. त्यांना काय दाखवायचं?

साहेब, त्या दिवसाची मशीनची नोंद मी छापून आणली आहे. बटणाची वेळ त्यात आहे, खाली माझं नाव आहे. शिक्षा काय द्यायची ते सोमवारी ठरवा. ती ओळ मात्र आज खोडा, इथे, काकूंच्या देखत. पेन मी आणलंय.

भाषण संपवताना ‘चुकलंमाकलं पोटात घाला’ म्हणायची आपली पद्धत. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे, आणि शब्द कमीजास्त झाला असेल तर तो खुशाल पोटात घाला. पण काका, तुम्हाला मी तसं म्हणणार नाही. सहा वर्षं तुम्ही तेच केलंत. आता हा माईक घ्या. काय बोलायचं ते बोला. मी उभी आहे.