काकांचा पूजेचा प्लेयर

तंजावरच्या आमच्या घरात एक नियम होता, आणि का म्हणून विचारायचं नाही: काकांच्या पूजेच्या एमपीथ्री प्लेयरला कोणी हात लावायचा नाही. रोज सकाळी ते इयरफोन लावून, डोळे मिटून देवापुढे बसत.

लॅपटॉप भरला, म्हणून मी गुपचूप त्या प्लेयरमध्ये माझा प्रबंध साठवला. दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप बंद पडला. प्रबंधाची तेवढीच प्रत उरली, आणि नेमकं काकांना कळलं.

“स्तोत्रांत कॉलेज मिसळतेस? आत्ता पुसून टाक.”

“काका, सोमवारी द्यायचाय.”

“वाद नको. काकांचं ऐक,” माझे वडील, अप्पा, कॉफी घेत म्हणाले.

“अप्पा, स्तोत्रं दोनच आहेत त्यात. बाकी सगळी तमिळ सिनेमाची गाणी. मी प्रबंध पुसणार नाही.”

अप्पांनी काकांकडे बघितलं. काका इयरफोनची वायर गुंडाळत राहिले.