शहाताच्या दारातला स्पीडब्रेकर

बयूमी : …आणि वर म्हणतोस, हळू चालव. दारात स्पीडब्रेकर बांधायचा आणि मागं गॅरेज टाकून बसायचं. दातांच्या डॉक्टरानं खडे घातलेल्या रोट्या विकाव्यात तसं झालं हे. अख्ख्या तांता रस्त्यावर असला धंदा कुणाला सुचला नाही, उस्ताद.

शहाता : स्टिअरिंग हलव.

बयूमी : ही मायक्रोबस रस्त्यावर कमी आणि तुझ्या जॅकवर जास्त असते.

शहाता : डावीकडे. आता उजवीकडे. हळू. चालवत नाहीयेस, नुसती हलवतोयस.

बयूमी : तूच बांधलास ना तो?

शहाता : हो.

बयूमी : बघा. लाजही नाही.

शहाता : विचारलंस, सांगितलं. खाली ये, बघ. हा टायरॉड. तुझं स्टिअरिंग चाकापर्यंत पोचतं ते याच्यातून. आता मी चाक हातानं हलवतो. स्टिअरिंग जागच्या जागी, आणि चाक आपलं आपलं नाचतंय.

बयूमी : तुझ्या त्या डोंगरानं खिळखिळं केलंय.

शहाता : डोंगरानं चाकामागचं रबराचं बुश फाटलं, ते खरं. ते माझ्या नावावर लिही. हा टायरॉड मात्र आधीच मेलेला होता. रबरी टोपी फाटून आत माती गेलीय, ग्रीसचा पत्ता नाही. स्पीडब्रेकरवर फक्त वाजला.

बयूमी : वाजला म्हणून तर आलो.

शहाता : म्हणूनच आलास.

बयूमी : बरं, नवा घालू नकोस. लेथवाल्याकडून भरून आण. आत प्लास्टिक ओततो तो, मस्त चालतं.

शहाता : भरलेला मी घालत नाही.

बयूमी : सगळे घालतात.

शहाता : मग सगळ्यांकडे जा. गाडी उतरवू?

बयूमी : अरे, मालक नवा घालू देत नाही. तो कैरोत एसीत बसलाय. त्याला रोज संध्याकाळी फोनवर आकडा ऐकायचा असतो, बस. आकडा कमी आला तर माझ्या पोटातून कापतो.

शहाता : आणि मागं बसतात त्यांची पोटं कुणाच्या नावावर?

बयूमी : मशिदीतला खुतबा शुक्रवारी ऐकतो, आज नको. शुक्रवारवरून आठवलं. तुझा तो मोठा घण दे.

शहाता : कशाला?

बयूमी : स्टँडवर ठरलंय. नमाज झाली की सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून हा तुझा स्पीडब्रेकर फोडायचा. मी नवा, म्हणून घण आणायचं माझ्यावर आलं.

शहाता : माझाच स्पीडब्रेकर, माझ्याच घणानं.

बयूमी : तोंडावर मागतोय. चोरून नेला असता तर?

शहाता : त्या कोपऱ्यात आहे. आण इकडे.

बयूमी : देतोस?

शहाता : टायरॉड गंजलाय, निसटत नाही. ठोकावा लागेल. डोकं मागं घे.

(घणाचे ठोके. काहीतरी सुटून फरशीवर पडतं.)

बयूमी : निघाला वाटतं.

शहाता : गंजलेला भाग तसाच आहे. आतली गोळीच वाटीतून बाहेर आली. उचल. बसव परत.

बयूमी : बसतेय. … पडली.

शहाता : परत बसव.

बयूमी : पडतेय, उस्ताद. हातात राहत नाहीये.

शहाता : नखाला काय लागलं ते बघ. प्लास्टिक. हा आधीच भरलेला होता. तुझ्या मालकानं भरला असेल, नाहीतर त्याच्या आधीच्या मालकानं. कालव्याच्या वळणावर सुटला असता तर स्टिअरिंग तुझ्या हातात आणि गाडी पाण्यात.

उम्म झकी : शहाता, तामियाचे वडे कुठं ठेवू? हात असले काळे. भरवू की काय तुला?

शहाता : बाकावर ठेव, उम्म झकी. हा बयूमी. नवा ड्रायव्हर. शुक्रवारी स्पीडब्रेकर फोडायला येणार आहे.

उम्म झकी : ये बाबा. आज खाऊन घे मग. शुक्रवारी माझा गाडा बंद असतो, उपाशी फोडावा लागेल.

बयूमी : खाला, तुम्ही समोरच बसता, तुम्हीच सांगा. दिवसभर गाड्या आपटतात आणि याचा गल्ला भरतो. यानंच बांधला, आणि विचारलं तर तोंड वर करून हो म्हणतो.

उम्म झकी : हो म्हणाला?

शहाता : तू मध्ये पडू नकोस. गिऱ्हाईक आहे माझं.

उम्म झकी : सगळ्यांना हेच सांगतो हा. याला चार विटा सरळ लावता येत नाहीत. स्पीडब्रेकर मी बांधला.

बयूमी : तुम्ही?

उम्म झकी : मी आणि गल्लीतल्या बायकांनी. आम्ही तगाऱ्या वाहिल्या, हा नुसता उभा होता.

शहाता : गाड्या अडवत होतो.

बयूमी : पण कशाला, खाला?

उम्म झकी : माझा मुलगा झकी इथं गेला. शाळेतून येत होता. गाडीनं ब्रेक दाबला होता, मी बघितलं. पण ती वळेचना.

शहाता : तिचाही भरलेलाच होता.

उम्म झकी : मी अर्ज घेऊन गेले. साहेब म्हणाला, एका जागी तीन मयत झाल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. मी म्हटलं, मला एकच होता.

बयूमी : अल्ला त्याच्यावर रहम करो.

उम्म झकी : कबर बांधून दोन गोण्या सिमेंट उरलं होतं. घरात ठेवून दगड झालं असतं. तेच घातलं. मध्ये एकदा कुणी मोठा माणूस येणार होता, त्याच्या गाडीला धक्का बसू नये म्हणून सरकारी माणसांनी फोडून टाकला. तो गेला, आम्ही परत घातला. तेव्हा मात्र सिमेंट विकत आणावं लागलं.

बयूमी : स्टँडवर कुणी बोललं नाही मला.

शहाता : स्टँडवर कुणाला माहीत आहे? ते मला शिव्या देतात. मेकॅनिकला शिव्या बसतातच, माझ्या बापालाही बसायच्या. हिला कशाला बसू द्यायच्या?

उम्म झकी : मला काय होतंय शिव्यांनी.

शहाता : बरं, बयूमी. नवा घालू की गाडी उतरवू?

बयूमी : नवा घाल.

शहाता : आणि मालक?

बयूमी : ही गोळी राहू दे माझ्याकडे. त्याच्या टेबलावर ठेवतो. कापायचं ते काप म्हणावं, नाहीतर ये आणि स्वतः चालव.

उम्म झकी : खा आता. थंड तामिया म्हणजे साबण.

बयूमी : मी नाही आलो तरी शुक्रवारी बाकीचे येतील. घण मागतील तुझ्याकडे.

शहाता : घणाचा दांडा मोडलाय.

बयूमी : आत्ता तर ठोकलंस त्यानं.

शहाता : शुक्रवारी मोडतो तो.

बयूमी : सांगून बघतो मी त्यांना. ऐकतील असं नाही. तिथं सगळ्यांच्याच गाड्या खिळखिळ्या आहेत.

उम्म झकी : नाही ऐकलं तर नाही. बाजारात सिमेंट मिळतं.

बयूमी : पण खाला, निदान वर चुना तरी मारा. लांबून काही दिसत नाही, म्हणून आपटतात गाड्या.

उम्म झकी : दर शुक्रवारी मारते, बाबा. तुमच्याच चाकांनी जातो.