हेडमास्तरसारखाच मासा

नाही काका, तो नको, त्याच्या मागचा. शेपटीवर पांढरा ठिपका आहे ना, तो — हां, गेला बघा झाडाआड. सावकाश धरा, मला घाई नाही. म्हणजे आहे घाई, संध्याकाळी लेक यायची आहे माझी, पण माशाला जाळी लागायला नको. आमचा हेडमास्तर अगदी असाच होता. नाव लेकीनंच ठेवलेलं. सारखी तोंडाची उघडमीट, उघडमीट, वर्गावर ओरडल्यासारखी, म्हणून हेडमास्तर. वडिलांबरोबर येऊन तिनंच निवडलेला, तुमच्याच दुकानातून. कळेल का हो तिला, बदललाय ते? लहान मुलांना नाही कळत, नाही का? — कळतं? मग तुम्ही नीट बघून द्या ना, निदान आकारानं तरी सारखा.

कशानं मेला म्हणून काय विचारता, तेच तर मला कळत नाही. आता तुमच्याकडे — राग मानू नका हं — काचेला शेवाळ, तळाला घाण, पाणी पिवळट, आणि मासे बघा कसे तरतरीत! माझ्याकडे काच अशी की हात लावल्याशिवाय काच आहे हे कळू नये. रोज पाणी बदलते मी. थोडं नाही, सगळं. खडे उकळत्या पाण्यातून काढते, ते प्लास्टिकचं झाड ब्रशनं घासते, फिल्टरमधला स्पंज तर नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र करते — काय? नाही धुवायचा? जंतू असतात त्या गाळात, हो, म्हणूनच तर धुते! — चांगले जंतू? काहीतरीच काय काका, चांगले जंतू कुठं असतात का. सातवीपर्यंतच शिकलेय मी, पण एवढं मला कळतं. माशाची घाण ते खातात? ते नसले की माशाला स्वतःचीच घाण बाधते? असेल, तुमचा धंदा आहे, तुम्ही म्हणता तर असेल. पण दिसत तर नाहीत ना ते? मग चांगला कुठला न् वाईट कुठला, ओळखायचं कसं माणसानं? दवाखान्यातला डॉक्टरही जंतूच म्हणाला होता. चांगले बिंगले काही म्हणाला नव्हता.

कुणाचा दवाखाना म्हणजे — सोडा ते. धाकट्याचा. नुकताच भिंत धरून चालायला लागला होता. जुलाब काय, सगळ्याच पोरांना होतात. तिथली नर्स मला विचारते, दूध देताना हात धुवत होता ना बाई? एवढंच. वाकडं नव्हती बोलली, सलाईन लावता लावता सहज विचारलं आणि गेली पुढच्या खाटेकडे, उत्तराला थांबलीसुद्धा नाही. मी धुवत होते हो. धुवत होतेच. आता प्रत्येक वेळचं कुणी ध्यानात ठेवतं का, तुम्हीच सांगा — तुम्ही जेवायला बसताना धुतलेत का आज? आठवतंय? बघा! नाही आठवत. म्हणजे धुतले असतीलच.

लेक सध्या माझ्या नणंदेकडे असते. शाळा जवळ पडते तिथून. म्हणजे आमच्या घरापासूनही जवळच आहे, पण नणंद म्हणाली, वहिनी, तू आधी जरा शांत हो, मग बघू. मी शांतच असते. लेकीच्या पाठीला आणि काखेत जरा भाजल्यासारखं झालं होतं, त्याचं एवढं मोठं केलं त्यांनी. बाटलीवर लिहिलेलं असतं की नाही, इतक्या बादलीला इतकं झाकण? मी मापानंच घालत होते आंघोळीच्या पाण्यात. त्या दिवशी पडलं असेल जास्त, मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यातलं खाऊन आली होती ती, झाकणं मोजायची राहिली. रडली नाही हो पण. म्हटलं, झोंबतंय का गं? तर म्हणाली, नाही आई, तू घाल. शहाणी आहे फार. मग शाळेत बाईंनी फ्रॉक वर करून बघितलं आणि झालं सुरू सगळं.

तेव्हा यांनी ही टाकी आणली. टेबलावर ठेवली, पाणी भरलं आणि म्हणाले, आधी हा मासा सांभाळ, मग लेकीला आणू. हसत म्हणाले. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हते. आज नणंद तिला घेऊन येतेय, फोनवर म्हणाली, मासा छान आहे ना, मग कपड्यांची पिशवी घेऊनच येते. तिची उशी उन्हात टाकलीय मी सकाळीच. आणि आत येऊन बघते तर हेडमास्तर आडवा, पाण्यावर. तोंड उघडंच. हे अंघोळीला गेले होते म्हणून बरं, कागदात गुंडाळून टाकला आणि तशीच आले. खरं सांगू, तो काही पहिला नव्हता. लेकीचा हेडमास्तर केव्हाच गेला. मधले मीच नेले ना तुमच्याकडून, तोंडाला रुमाल बांधून यायची, ओळखलं नाहीत? फोनवर रोज विचारते पोर, हेडमास्तर काय करतोय? मी सांगते, ओरडतोय.

सापडला? वा, अगदी तोच वाटतोय हो! रबर घट्ट लावा. थांबा, पिशवी बाहेरून पुसून घेते, तुमचे हात सगळ्या टाक्यांतून फिरलेले. ही? ही बाटली नेहमी असते पर्समध्ये. साधं फरशीचं औषध. रुमालावर जरासं घेते, आत कशाला जातंय ते. घरी टाकीत घालते तेवढं, झाकणभर, मासा सोडायच्या आधी, म्हणजे बिचारा स्वच्छ पाण्यात जाईल. लेकीच्याही हेच —

असे काय बघताय काका? हात? थंडीनं फुटलेत. — असू दे थंडी नसली तर, माझे असेच असतात. अहो, रबर का काढताय? तोच हवाय मला, ठिपकेवाला. परत का सोडताय त्याला? काका, लेक यायची आहे माझी. तिला काय दाखवू मी? बरं, नाही धुणार स्पंज. औषधही नाही घालणार. धुऊन येते मी हात, चांगले साबणानं धुऊन येते, मग द्याल? नळ कुठे आहे तुमचा?