नग एक, सुस्थितीत

— नाही नाही, त्या खुर्चीत नको साहेब, तिचा पाय गेलाय, मोडीत काढायची म्हणून निर्लेखनाला लावलीय, दोन वर्षं झाली, मंजुरी काही येत नाही. इकडे स्टुलावर बसा. हां. तर काय विचारलंत, मुदत संपायच्या आत फाईल भांडारात आली होती का? नाही आली. तसं मी लेखी दिलंय, तुमच्या त्या गठ्ठ्यातच असेल बघा. मग पुन्हा का विचारताय? — बरं, विचारा, तुमचं कामच आहे ते, चौकशी अधिकाऱ्यानं चौकशी नाही करायची तर कुणी करायची. पण एक सांगते, या दवाखान्याचं भांडार मी एकतीस वर्षं सांभाळतेय. इथून एक सुई हलली तरी तिची नोंद असते. आणि तुम्ही मला अख्ख्या फाईलचं विचारताय.

आता झालं काय, ते वरच्यांनी तुम्हाला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असेलच. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं डॉक्टरांना आपापल्या खोलीत पडद्यावर दिसतं ना, ते ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचं वर्ष संपलं. तारीख बदलली आणि बंद. आज नऊ दिवस झाले! म्हातारी माणसं हातात कागद घेऊन जिने चढतायत, उतरतायत, वरचे म्हणतात खाली जा, खालचे म्हणतात वर जा. माझ्याच गुडघ्याचा एक्स-रे त्यात अडकला, पण मी कुठं बोभाटा केला? नाही केला. आणि ठपका आला आमच्या संगणकवाल्यावर. त्यानं नूतनीकरणाची फाईल वेळेत पाठवली नाही म्हणे. निलंबनाचं पत्र टाईप होऊन पडलंय, तुमच्या अहवालासाठी थांबलेत, खरं ना? — नका सांगू, मला कळतं. वाईट वाटतं हो. मुलगा हुशार आहे. पण जीभ फार तिखट.

मुळात ती वस्तू काय आहे हे समजून घ्या तुम्ही, म्हणजे माझी अडचण कळेल. कंपनी आपल्याला थेट विकत नाही. आपला फोनसुद्धा घेत नाही. विकणार कोण, तर अधिकृत विक्रेता. म्हणजे कंपनीनं कागद दिलेला माणूस, की हा आमचा आहे, याच्याकडूनच घ्या. चांगली पद्धत आहे, कागद असला की मला बरं वाटतं. तर पहिल्या वर्षी तो विक्रेता आला, गळ्यात टाय, हातात काही नाही. मी म्हटलं, माल कुठाय? तर म्हणाला माल नसतो, मेल येईल. अहो मेल येईल म्हणजे? मी मोजू काय? पोच कशाची देऊ? मोजल्याशिवाय पोच नाही, पोच नाही तर बिल नाही — बिल नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बरोब्बर एक खोकं घेऊन आला. छान होतं, निळं, आत एक प्रमाणपत्र, बाकी रिकामं. मी त्यावर क्रमांक टाकला, साठा वहीत घेतलं, आणि संगणकवाल्याच्या नावावर वाटप केलं. वर्षअखेरीच्या पडताळणीत लिहिलंय बघा, सॉफ्टवेअर, नग एक, सुस्थितीत. हसू नका. हिशेब तपासनिसांनी ‘सुस्थितीत’खाली हिरवी खूण केलीय.

मग यंदा नूतनीकरण. आता भांडाराचा नियम काय? जुनं जमा, नवं वाटप. पंख्याला तोच, चादरीला तोच, खराट्यालासुद्धा तोच. खराट्याचा दांडा आणून द्यावा लागतो मला, मग नवा खराटा. तर मी फाईलवर लिहिलं, जुना नग जमा करावा. आमच्या संगणकवाल्यानं काय करावं? ते खोकं यानं कधीच रद्दीत देऊन टाकलं होतं! शासकीय वस्तू! वर मलाच म्हणतो, ताई, ती वस्तू नव्हतीच, नुसतं खोकं होतं. मी म्हटलं, मग सही कशाची केली होतीस? तीन तारखेला फाईल आली होती, मी शेरा मारून परत केली. अकराला पुन्हा तशीच आली, चार पानांचं निवेदन जोडून, की सॉफ्टवेअर म्हणजे नुसती वर्षाची वर्गणी, ती भांडारात परत जमा करता येत नाही, हवा जमा करता येते का वगैरे. मी पुन्हा परत —

काय? आली म्हणाले मी? — आली म्हणजे, आली आणि गेली. परत केलेली फाईल आली असं कोणी धरत नाही साहेब. अपूर्ण फाईल म्हणजे फाईल नव्हेच, माझ्या लेखी. मी खोटं काही लिहिलेलं नाही. तुम्ही सारखं लिहू नका हो, मी बोलता बोलता सांगतेय.

आणि माझं म्हणणं एवढंच होतं, की वस्तू हरवली ना, मग हरवल्याचा अहवाल दे. साधं आहे. मी त्याला नमुनासुद्धा काढून दिला, आपुलकीनं. त्याचे वडील याच भांडारात होते, मला वहीला रेघा मारायला त्यांनी शिकवलं, ते गेल्यावर हा अनुकंपेवर संगणकाच्या कामाला लागला. म्हणजे मी काय त्याच्या वाईटावर आहे? शेवटी दिलाच त्यानं अहवाल. बावीसला. विभागप्रमुखांची सही, साक्षीदार दोन, विक्रेत्याचं कंपनीकडचं ताजं पत्र, दरपत्रक महिनाअखेरपर्यंत वैध — एक कागद कमी नव्हता. मी फाईल दोनदा चाळली, म्हटलं कुठंतरी सापडेल काही. नाही सापडलं. वडिलांसारखं काम करतो, मनावर घेतलं तर.

मग? — मग काय, त्याच दिवशी दुपारी मी पाण्याची बाटली भरायला गेले. तो विक्रेता आणि हा, जिन्याशी उभे. विक्रेता रडत होता की बाईंनी किती हेलपाटे घालायला लावले, आणि आमचा म्हणतो कसा, अजून पाच महिने कळ काढा, मग ही जातेच घरी. आणि हसले दोघं. ही! ज्याला मी लहानपणी इथं या टेबलावर बसवून पेन्सिली दिल्यात, तो मला ही म्हणतो, बाहेरच्या माणसापुढे. बाटली तशीच घेऊन परत आले. लागलं हो मला. एकतीस वर्षं एक दिवस रजा न घेता काढली, ती यांनी दिवस मोजावेत म्हणून?

तर मी ती फाईल चादरींच्या कपाटात ठेवली. चार दिवस राहू दे म्हटलं, जरा कळू दे कोण कुणाला घरी पाठवतं ते. चारच दिवस. आणि नेमका माझा गुडघा धरला, जन्मात रजा घेतली नाही ती घ्यावी लागली, आले तर महिना उलटलेला. मला काय माहीत असं होईल? औषधाची तारीख उलटली तरी बाटली कपाटात असते ना, कुणी येऊन उचलून नेत नाही. मला वाटलं तसंच असेल. हे तर पुसूनच गेलं. आणि मग वरून फोन, की फाईल कुठाय, आणि मी — तोंडातून गेलं, आली नाही म्हणून. एकदा बोलले, मग लेखी मागितलं, मग लेखी दिलं. आता नव्यानं निविदा काढलीय, तीन अधिकृत विक्रेते, तिघंही एकाच कंपनीकडून आणणार, आणि त्यांत पहिला तोच टायवाला.

परवा आमच्या संगणकवाल्याची आई आली होती माझ्याकडे. भांडायला आली असेल असं वाटलं, मी तयारीत होते. तर नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, “तो म्हणतो त्यानं फाईल दिली होती. पण तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन. हे नेहमी म्हणायचे, ताईंच्या वहीत खोटं नसतं.”

आणि मी म्हटलं, “नाही दिली.”

ती बरं म्हणाली आणि निघून गेली. भांडली असती तर परवडलं असतं मला. कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला कशाला सांगत बसले कोण जाणे.

आवक वही? — आहे ना. आता सगळं सांगून झालं, तर वही कशाला हवी? … नाही, नाही म्हणत नाही मी. बावीसची नोंद? म्हणजे काय, केलीय की. फाईल कपाटात ठेवायच्या आधी केली. नोंद न करता कागद आत घ्यायचा? मी? क्रमांक एकशे चौऱ्याण्णव, वेळ बारा वाजून दहा, माझं अक्षर. पान काढता आलं असतं, हो, तो विचार मनात आला होता. दोन रात्री आला. पण पानांना क्रमांक आहेत, आणि पहिल्या पानावर दाखला आहे, या वहीत पाने दोनशे, खाली माझी सही. फाडू कसं? पान नाही फाटलं माझ्याच्यानं. मुलाचं नाव मात्र फाडत होते.

ही घ्या. त्यालाही एकदा दाखवा ते पान, जमलं तर. — नाही, मला काही म्हणायचं नाही आता. थांबा, तशी नेता येणार नाही. इथं सही करा, वही नेल्याची. नाव पूर्ण लिहा, तारीख घाला, वेळ घाला. पाने दोनशे, मोजून घ्या माझ्यासमोर.

मोजलीत? मग या आता. बाहेर साबणासाठी माणसं थांबलीत.