कोल्ड रूमच्या दारात कोणताही दोष नव्हता याबाबत

नाव: ओळखपत्राप्रमाणे. वय: २३ वर्षे. धंदा: मामांच्या बेकरीत पडेल ते काम. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत, पुढचे विचारू नये. राहणार: बेकरीच्या वरची मागची खोली, जिना दुकानातूनच.

मी समक्ष ठाण्यात बसून, कोणाचाही दबाव नसताना आणि मामांनी वाटेत शिकवलेले सगळे बाजूला ठेवून सांगतो की, आज सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी तपासणी साहेब बेकरीच्या कोल्ड रूममध्ये असताना दार मी बंद केले. हाताने केले. जाणूनबुजून केले. जबाब घेणारे साहेब ‘दार चुकून लागले’ असे लिहायला निघाले होते, म्हणून मी त्यांच्याकडून पेन मागून घेतले आणि हे माझ्या अक्षरात लिहीत आहे. खाडाखोड दिसेल ती रागाची आहे, खोटेपणाची नाही.

बेकरी माझ्या सख्ख्या मामांची आहे. तिथे सगळेच त्यांना मामा म्हणतात. माझ्याशिवाय चार जण कामाला आहेत: भट्टीवाले काका, केक सजवणाऱ्या ताई, गाडीवाला आणि मेकॅनिक. चौघेही बाहेरच्या देशातून आलेले असून मामांच्या हमीवर, म्हणजे स्पॉन्सरशिपवर, इथे राहतात. मालकाची हमी गेली की माणसाचा परवाना गेला. मला परवाना लागत नाही, कारण मी इथे जन्मलो. “आयुष्यात तेवढं एकच काम तू नीट केलंस,” असे मामा म्हणतात.

सदर मेकॅनिक ही मुलगी असून वय पंचवीस आहे. ओव्हन, कणीक मळायचे यंत्र आणि कोल्ड रूम यांची देखभाल तिच्याकडे आहे. तिच्याशी माझे संबंध फक्त कामाचे आहेत. ती अकरा वाजता बिनसाखरेचा चहा घेते, पाना उजव्या खिशात ठेवते आणि यंत्र बिघडले की त्याच्याशी हळू आवाजात बोलते, ही माहिती मला कामातूनच आहे.

या महिन्याच्या एक तारखेपासून परवान्याचे नियम बदलले. आता फक्त कुशल कामालाच हमी देता येते. कागदावरचे काम आणि हातातले काम जुळावे लागते. नाही जुळले तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर सामान बांधायचे. कुशल कामांची यादी चाळीस पानांची आहे. मामांनी ती वाचली नाही, डोके चालवले. म्हणाले, “सरकारला साहेब लोक आवडतात. आपण सगळ्यांना साहेब करून टाकू.”

एका दुपारी चौघांचे मॅनेजर झाले. काका उत्पादन मॅनेजर, ताई सजावट मॅनेजर, गाडीवाला वाहतूक मॅनेजर. मेकॅनिकपर्यंत मामांची पदे संपली, म्हणून तिला जनरल मॅनेजर केले.

ती म्हणाली होती, “मामा, मला मेकॅनिकच राहू द्या ना.”

“तेलकट हातांना कोण परवाना देतं पोरी? गुपचूप साहेब हो.”

त्या दिवसापासून बेकरीत चार मॅनेजर आणि त्यांच्या हाताखाली मी एकटा, अशी व्यवस्था झाली. मॅनेजर खोकी उचलताना कोणाला दिसला तर पंचाईत, म्हणून सगळी खोकी मी उचलू लागलो. आज साडेनऊला लोण्याची चौदा खोकी आली. ती मी कोल्ड रूममध्ये दाराच्या आतल्या बाजूला रचली. तिथे आतून दार उघडायचे बटण आहे. ते खोक्यांमागे गेले. मेकॅनिकची रोजची पाहणी त्याआधीच, आठ वाजून पाच मिनिटांनी झालेली होती. हे वाक्य अधोरेखित समजावे.

परवान्यांचे तपासणी साहेब दहा वीसला आले. हातात फॉर्म होता आणि तो बारापर्यंत कार्यालयात पाठवायचा आहे, असे ते आल्या आल्या म्हणाले. त्यांनी काकांना विचारले, “तुमच्या हाताखाली किती माणसं?” काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. ताईंनीही माझ्याकडेच. गाडीवाल्याने तर विचारायच्या आधीच दाखवले.

साहेब मला म्हणाले, “तिघांचं तुम्ही एकटे ऐकता?”

मी म्हणालो, “पाच जणांचं. एक मॅनेजर अजून भेटायच्यात, आणि मामा तुम्ही धरलेच नाहीत.”

“मग जनरल मॅनेजर कुठे आहेत?”

त्या वेळी जनरल मॅनेजर मळायच्या यंत्राखाली आडवी होती. बाहेर फक्त बूट दिसत होते. मामांनी बुटांकडे पाहिले आणि पाहिले नाही असे केले. शेवटी यंत्राखालूनच उत्तर आले, “आले, दोन मिनिटं. पट्टा बसवतेय.”

साहेबांनी फॉर्मवर फुली मारली. म्हणाले, “बाकी तिघांना कागद सुधारायला मुदत देतो. पण जनरल मॅनेजर यंत्राखाली? हे काही चालायचं नाही. नामंजूर. साठ दिवस.”

मेकॅनिक बाहेर आली, हात पुसले आणि “बरं,” म्हणाली. मग पुसलेलाच हात पुन्हा पुसला. मला त्याने काही झाले नाही. तोंड लाल झाले होते ते भट्टी जवळ असल्यामुळे.

त्यानंतर साहेब एकटेच कोल्ड रूम बघायला आत गेले. मी असा विचार केला की, फॉर्म साहेबांच्या हातात आहे, साहेब आत आहेत, तर बारा वाजेपर्यंत फॉर्मही आतच राहील. हा विचार त्या वेळी मला बिनतोड वाटला. मी दार लावले आणि कडी घातली.

दोन मिनिटांनी मेकॅनिकने विचारले, “साहेब कुठायत?”

“थंड होतायत.”

“उघड.”

“बारा वाजले की उघडतो.”

“अरे, उघड म्हणते ना.”

तिने सांगितल्यावर माझा उशीर करण्याचा हेतू संपला. मी कडी काढली, घाईत हँडल ओढले आणि ते माझ्या हातात आले. हँडल मजबूत होते. मी प्रमाणाबाहेर ओढले. कॉलेजातही माझ्याकडून एक बाक असाच मोडला होता, त्याची तिथे नोंद आहे. पाहिजे तर मागवून घ्यावी.

काका दाराला तोंड लावून म्हणाले, “साहेब, लोण्याची खोकी तेवढी बाजूला करा, मागे बटण आहे.”

आतून साहेब म्हणाले, “खोकी उचलणं माझ्या कामाच्या स्वरूपात बसत नाही.”

काका म्हणाले, “आमच्याही बसत नाही साहेब, नव्या नियमाने.”

मेकॅनिकने आधी आतली थंडी बंद केली, मग दाराच्या बिजागऱ्या सोडवायला घेतल्या. स्क्रू गंजू नयेत म्हणून ती ते वेळोवेळी तेल लावून ठेवते, त्यामुळे ते सरळ निघाले. तिने कोणावर आवाज चढवला नाही. मला म्हणाली, “बॅटरी धर. हात हलवू नकोस.” मी हलवला नाही. अकरा सोळाला तिने, मी आणि काकांनी मिळून दार उतरवून भिंतीला टेकवले. साहेब एकूण सव्वीस मिनिटे आत होते. कोल्ड रूममध्ये फोनला रेंज फक्त क्रीमच्या कप्प्याजवळ मिळते, हे तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःहून शोधून काढले आणि पोलिसांना कळवले.

बाहेर आल्यावर साहेबांचा चष्मा धुरकटला होता. तो पुसून त्यांनी उतरवलेले दार बघितले, ओळीने मांडलेले स्क्रू बघितले आणि विचारले, “हे कुठे शिकलात?”

मेकॅनिकने कपाटातून सर्टिफिकेट आणून दाखवले. शीतयंत्रांचा दोन वर्षांचा डिप्लोमा.

“मग अर्जात जनरल मॅनेजर कशाला? शीतयंत्र तंत्रज्ञ यादीत आहे की. सातव्या नंबरवर.”

सगळ्यांनी मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, “मी शेवटून बघायला घेतली होती.”

साहेबांनी फुली खोडली आणि दहा दिवसांत खऱ्या कामाचा अर्ज करा, असे सांगितले. अट एकच: तिच्या देखभालीतल्या कोणत्याही यंत्रात किंवा दारात दोष असल्याची नोंद कुठेही असता कामा नये. माझ्याविरुद्धची तक्रार मात्र ठेवणार, असेही म्हणाले. थंडीने त्यांचे दात वाजत होते, तरी दोन्ही वाक्ये स्पष्ट ऐकू आली.

आता मामांनी वाटेत शिकवलेले लिहितो, म्हणजे गैरसमज नको. मामा म्हणाले, “दार म्हातारं झालंय म्हण. बटण अडकलं म्हण. तुला सोडून देतील.”

मी म्हणालो, “मामा, दाराची देखभाल कुणाकडे आहे?”

मामांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “गाढवा, तुझ्या आईला मी काय सांगू?”

“दार चांगलं होतं म्हणून सांगा.”

इथे आल्यावर जबाब घेणाऱ्या साहेबांनी शेजारच्या खोलीतला कागद आणून मला वाचून दाखवला. तो सदर मेकॅनिकचा जबाब आहे. त्यात तिने म्हटले आहे की, आतले बटण मंगळवारपासूनच घट्ट झाले होते, हँडलही ढिले होते, दुरुस्ती तिने स्वतः पुढे ढकलली, त्यामुळे दार मुलाने मुद्दाम बंद केले असे म्हणता येणार नाही. पुढे असेही म्हटले आहे की, मुलगा डोक्याने तापट असला तरी मनाने वाईट नाही, आणि बॅटरी स्थिर धरतो.

साहेब म्हणाले, “इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय. लोक स्वतःला वाचवायला खोटं बोलतात. तुम्हा दोघांचं काय चाललंय?”

मी म्हणालो, काही चाललेले नाही. मी कोल्ड रूमची देखभालीची वही सोबत आणली होती, ती हजर केली. त्यात मंगळवार, बुधवार आणि आज, तिन्ही दिवशी बटण व हँडल ठीक असल्याची तिचीच सही आहे. साहेबांनी वही दोनदा चाळली. मग बाहेर बाकावर ब्लँकेट घेऊन बसलेल्या तपासणी साहेबांना नेऊन दाखवली. ते वहीतले वाचत राहिले आणि “हं,” म्हणाले. साहेब परत येऊन मला म्हणाले, “वही खरी धरतो. दार चांगलं. म्हणजे आता सगळं तुमच्या अंगावर.”

मी म्हणालो, “तेच तर मघापासून सांगतोय.”

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. तपासणी साहेबांची मी लेखी माफी मागायला तयार आहे. त्यांना थंडी वाजली याचे मला वाईट वाटते. फुली मारली त्याचे अजून थोडे वाटते, पण तेवढा भाग माफीत लिहिणार नाही.

हा माझा जबाब माझ्याच अक्षरात असून साहेबांनी तो मोठ्याने वाचला. मी सांगितले तसाच आहे, एक शब्दही फिरवायचा नाही. सदर मेकॅनिकचा जबाबही मी ऐकला. तो पहिल्या ओळीपासून खोटा आहे, फाईलला लावू नये. फाडण्याआधी मला तो पुन्हा एकदा वाचून दाखवावा, ही विनंती. सावकाश.