आईची खिडकीतली हाक

आमच्या आईची घर बघायची तऱ्हाच वेगळी हो. माझं काम कुठूनही चालतं, म्हणून आई-वडील आणि मी, तिघांना पुरेल अशा फ्लॅटसाठी मी सातारा, नाशिक आणि आमचं लोणावळा, तिन्हीकडचे भाव काढले. आई मात्र प्रत्येक फ्लॅटमध्ये तडक खिडकी गाठायची आणि जोरात हाक मारायची, "ओ मावशी!"

साताऱ्यात कुणी मान वर केली नाही. नाशकात वॉचमन धावत आला. लोणावळ्यात मात्र खालून एक अनोळखी बाई म्हणाली, "काय गं?"

"हितंच घे," आई म्हणाली.

पण सुट्टीपुरतं येणाऱ्या बंगलेवाल्यांमुळं आमच्याच गावचा भाव सगळ्यात चढा. शेवटी नाशिकला घेतलं. आई तिथंही रोज हाक मारते.

परवा पहिल्यांदाच खालून बारीक आवाजात उत्तर आलं, "काय गं?"

मी धावत जाऊन वाकून बघितलं. खाली वडील उभे होते.